'मानसिकता बदलली पाहिजे' हे वाक्य काही दिवस बंद ठेवलं तर?

चौथं_सत्र (धागाकर्ता)

'आपल्या देशापुढचे सामाजिक प्रश्न' या विषयावर सत्राअखेरीस जो निबंध द्यायचा असतो तो बहुतेक सगळे बालविवाहापासून सुरू करून जातीवरून हुंड्याकडे नि तिथून गटारात मरणाऱ्या माणसांकडे येत येत शेवटी 'समाजाची मानसिकता बदलली पाहिजे' या एकाच खुंटीला बांधून मोकळे होतात, आणि मला ती खुंटीच मान्य नाही.

माझं म्हणणं असं की प्रत्येक प्रश्नात गाडी रुतायची एक ठरावीक जागा असते. ती बहुधा एखादा कागद, एखादं टेबल, एखादी मुदत किंवा पैशाचा एखादा व्यवहार असते. मानसिकता हवेत नसते, ती या जागांना चिकटलेली असते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत नि सक्तीचं केलं, तेव्हा पालकांचं मन वळायची वाट बघत बसले नाहीत. मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. आणि त्याआधी, १९०१ पासूनच, वसतिगृहं उभी करायला घेतली होती. म्हणजे 'पोराला शहरात ठेवू कुठं' ही अडचणही आधीच हेरली होती.

तर तुम्हाला आतून माहीत असलेला एक प्रश्न घ्या आणि गाडी नेमकी कुठे रुतते ते सांगा. तळमळ नको, तपशील हवा.

काथ्याकूट_कारखाना

निबंध आमच्याकडूनच लिहून घेताय असं दिसतंय. गुण निम्मे निम्मे. तूर्तास रुमाल टाकून ठेवतो.

पाचट

बालविवाह घेतो, तोही ऊसतोडीतला.

ऊसतोडीत हिशेब माणशी होत नाही, कोयत्यावर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल निम्मी, आणि मुकादम त्याला टोळीत घ्यायलाही नाखूश, कारण एकाने तोडायचा नि दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावरून गाडीत भरायचा असं ते काम आहे. आता घरात १९ वर्षांचा मुलगा आहे, दसरा-दिवाळीला टोळ्या निघणार आणि घरावर मागच्या हंगामाची फिटायची उचल आहे. लग्न केलं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. याला मानसिकता म्हणायचं तर म्हणा, मी याला हिशेब म्हणतो.

मुलीच्या घरचा हिशेब वेगळा. आईबाप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फडावर. सोबत नेली तर शाळा सुटते, आणि कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, ना दार ना कडी. गावात ठेवली तर म्हातारीच्या भरवशावर. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा एसटीवर अवलंबून. लग्न म्हणजे राखणीची जबाबदारी दुसऱ्या घरावर टाकणं.

यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. ती कुठे फसतात? एक तर वेळ. टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी आली की पोरं आधीच कारखान्यावर पोचलेली असतात. पोरांची यादी टोळ्या निघण्याच्या निदान महिनाभर आधी, मुकादमाच्या वहीवरून करायला हवी, हजेरीपटावरून नाही. दुसरं, नावात 'वसतिगृह' असलं तरी बरेचदा शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं आणि रात्री पोरांनी नातेवाइकांकडेच झोपायचं असतं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बापाला काळजी जेवणाची नसते, रात्रीची असते.

तळटीप

पाचट यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के. 'पुढारलेला महाराष्ट्र' आणि देशाची सरासरी यांत दीड टक्क्याचं अंतर.

रानवारा

पाचट, कोयत्याचा मुद्दा पटला, पण त्याने सगळा प्रश्न सुटत नाही. बागायतदाराच्या घरात कोयता नसतो, तरी सोळाव्या वर्षी मुलगी उजवली जाते. तिथे भीती एकच, 'पोरगी पळून जाईल'. परजातीच्या मुलाबरोबर गेली तर घराची मान खाली जाईल ही भीती कुठल्या टेबलावर अडलेली नाही. धागाकर्त्याला जे वाक्य बंद ठेवायचंय ते इथे लागतंच.

चौथं_सत्र

रानवारा, मान्य, भीती खरी आहे. पण त्या भीतीचं लग्न व्हायला मंडप, भटजी, आचारी, पत्रिका आणि मुलीच्या वयाकडे काणाडोळा करणारा कोणीतरी लागतोच. म्हणजे अडवायची जागा आहेच. तिथे काय होतं ते कोणी सांगेल का?

ग्रामदप्तर

सांगतो. जरा लांबेल.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. अर्ध्या गावाला हे माहीत नसतं. कायदा २००६ चा. मुलगी १८, मुलगा २१. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारा, ठरवणारा, आणि निष्काळजीपणे होऊ देणारे आईबापही त्यात येतात.

कळलं की १०९८ ला फोन करायचा, नाव गुप्त राहतं. फोनवर 'आमच्या गावात एक लग्न आहे' एवढं सांगून भागत नाही. मुलीचं नाव, शाळा कोणती आणि कितवीत, लग्नाची तारीख, ठिकाण, मुलाचं गाव, एवढं हाताशी हवं. पत्रिकेचा फोटो असेल तर उत्तम. शक्यतो तीन-चार दिवस आधी कळवा. हळदीच्या रात्री फोन आला की सगळ्यांचीच धावपळ होते आणि दोन्हीकडचे पाहुणे जमलेले असल्याने गावात तणाव होतो.

पहिली लढाई वयाच्या पुराव्याची. बाप हमखास आधार कार्ड पुढे करतो, त्यावर जन्मतारीख दुरुस्त केलेली असते. वय ठरवायचं ते शाळेच्या दाखल्यावरून किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरून. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. हा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. त्यात आधार कार्ड नाही. म्हणून सेविकेने फोन आल्याबरोबर आधी मुख्याध्यापकाकडून जनरल रजिस्टरचा उतारा घ्यावा, मग त्या घरी जावं. उलटं केलं की घरचे शाळेत आधी पोचतात.

आता फसतं कुठे. अधिकारी जातात, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात, फोटो काढतात, 'बालविवाह रोखला' अशी बातमी येते. आठ दिवसांनी तेच लग्न मामाच्या गावी, दुसऱ्या तालुक्यात, पहाटे देवळात पाच माणसांत लागतं. हमीपत्राच्या कागदाला तिथे कोणी विचारत नाही. उपाय कायद्यातच आहे. कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घ्यायचा. मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. हा हुकूम फार क्वचित मागितला जातो, कारण हमीपत्रावर प्रकरण 'निकाली' दाखवता येतं. धागाकर्त्या, तुझी रुतायची जागा ही घे.

आणि लग्न होऊनच गेलं असेल तर ते आपोआप रद्द होत नाही. मुलीला ते रद्द करून घेता येतं, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत. तोवर तिला मूल झालेलं असतं आणि कोर्टाचं नावही ऐकलेलं नसतं.

काथ्याकूट_कारखाना

रुमाल उचलला. धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

तळटीप

ग्रामदप्तर यांनी २००६ चा कायदा सांगितला. त्याच्या पणजोबाची गंमत बघा, धागाकर्त्याच्या मुद्द्याला उपयोगी आहे. हरबिलास सारडा यांचा १९२९ चा कायदा (आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणून रूढ झाला) अमलात आला १ एप्रिल १९३० ला. मध्ये सहा महिने होते. तेवढ्यात देशभर लग्नांची झुंबड उडाली, पाळण्यातली पोरंसुद्धा बोहल्यावर. शिवाय तक्रार एका वर्षाच्या आत करायची, आणि तक्रारदाराकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीनखत घेता यायचा. १९३० सालचे शंभर रुपये! शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न मोडायला एवढी जोखीम कोण घेणार?

रानवारा

तळटीप, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. लोकांना कायदा पटला असता तर झुंबड उडाली असती का?

तळटीप

आणि शंभर रुपयांची अट नसती तर दोन-चार तरी खटले उभे राहिले असते की नाही? बरोबरी.

टाकीचं_झाकण

मी गटाराकडे वळतो. निबंधात हा मुद्दा कायम 'मॅनहोलमध्ये उतरणारे महापालिकेचे कामगार' असा येतो. मृत्यू मोठ्या प्रमाणात खासगी मैला टाक्यांमध्ये होतात. म्हणजे आपल्या सोसायटीच्या, लॉजच्या, कारखान्याच्या. ठेका देणारे आपणच.

टाकी का साफ करावी लागते? तळाला गाळ साचतो. गाळ टाकीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत आला की उपसायला हवा, म्हणजे वापराप्रमाणे दर दोन-तीन वर्षांनी. सोसायट्या दहा वर्षं हात लावत नाहीत. मग गाळ घट्ट बसतो, सक्शन गाडी वरचं पाणी ओढते आणि तळ तसाच राहतो. तिथे ठेकेदार म्हणतो, 'पोरगा उतरवू का साहेब, वर थोडे द्या.' मृत्यू इथे ठरतो.

वायूचं काम असं चालतं. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास. पण दशलक्ष भागांत शंभरेक भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो, तेव्हाच तो धोक्यात असतो. दुसरं, 'झाकण तासभर उघडं ठेवलं होतं' याला अर्थ नाही. वायू गाळात अडकून असतो, फावडं मारलं की बुडबुड्यासारखा सुटतो. तिसरं, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा करोनातला मास्क वायूला अडवत नाही. मेणबत्ती किंवा काडी पेटवून बघण्याचा जुना प्रकार तर करूच नका, आत मिथेन असतो.

आणि बातम्यांत एकाच टाकीत तिघे-चौघे का? पहिला कोसळतो, दुसरा ओढायला उतरतो, मग तिसरा. वर तिकाटणं आणि पट्टा नसेल तर कोणीही उतरून उपयोग नसतो. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा आणि वरून पंख्याने हवा सोडत राहायचं.

हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. कायमचं अपंगत्व आलं तर निदान २० लाख.

सोसायटीने करायचं काय? वर्क ऑर्डरवर 'कोणत्याही परिस्थितीत माणूस टाकीत उतरणार नाही' ही ओळ लिहून घ्या. घट्ट गाळासाठी जेटिंगची गाडी मागवा. ती दाबाने पाणी मारून गाळ पातळ करते, मग सक्शन. झाकणं पार्किंगच्या फरशीखाली गाडली असतील तर फरशी फोडा. नव्या टाकीला दोन्ही कप्प्यांवर स्वतंत्र झाकण ठेवून घ्या.

मोजपट्टी

झाकण, एक दुरुस्ती सुचवतो. नुसती ओळ लिहून ठेकेदार ऐकत नाही. दर ठरवताना 'गाळासह, यंत्राने, अमुक खोलीपर्यंत' असा ठरवा आणि काम संपल्यावर दांडा घालून तळ मोजा. पैसे 'फेरी'वर दिले की तो पाणी नेतो, गाळ ठेवतो.

गावकुसाबाहेरून

इतकं सगळं तांत्रिक लिहिलं आणि एक शब्द आला नाही. टाकीत उतरणारा 'पोरगा' कोणत्या जातीचा असतो? जेटिंगची गाडी आली तरी तिच्या पाइपाचं तोंड धरायला तोच समाज. पांढरपेशा घरातला बेरोजगार पदवीधर ठेकेदाराकडे का जात नाही, ही गोष्ट कुठल्या वर्क ऑर्डरमध्ये बसवणार आहात? पुनर्वसनाची रोख मदत ४० हजार. ती मिळायला 'हाताने मैला साफ करणारा' म्हणून सर्वेक्षणात नाव लागतं, आणि यंत्रणा लिहून देते की आमच्या हद्दीत ही प्रथाच नाही. प्रथा नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून मदत नाही. मेल्यावर मात्र पंचनाम्यात नाव येतं.

धागाकर्त्याचा 'कागद आणि टेबल' सिद्धांत अर्धा बरोबर आहे. टेबलापलीकडे बसलेल्याला काय दिसत नाही, ते जात ठरवते.

रानवारा

+१

चौथं_सत्र

हे उत्तर द्यायला कठीण आहे, म्हणून लगेच देत नाही. विचार करून लिहितो.

हळदकुंकू_मुर्दाबाद

तोवर मी आंतरजातीय लग्नावर लिहिते. निबंधांत दर वेळी 'विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावं' असा सल्ला येतो आणि तो जोडप्याला गोत्यात आणतो.

विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये ३० दिवसांची नोटीस आहे. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडच्या कार्यालयातही जाते. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याच गावात पत्ता आणि नाव टांगलं जातं. मुलीला घरी कोंडायला ३० दिवस पुष्कळ झाले.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, जात कोणतीही, तर या नोटिशीची गरजच नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ या चारही धर्मांना लागू आहे. विधी करून लग्न लावायचं आणि मग नोंदणी करायची. नोंदणीला वयाचे पुरावे, पत्त्याचे पुरावे, लग्न लावणाऱ्याची सही, तीन साक्षीदार. मात्र विधी खरोखर झालेला हवा. नुसतं प्रमाणपत्र काढलं आणि विधीच नाही, तर ते लग्नच नव्हे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. सप्तपदी किंवा तुमच्या रूढीचा विधी करा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.

धर्म वेगळे असतील तर मात्र विशेष विवाह कायदाच. तिथे लक्षात ठेवायचं की हरकत घ्यायची कारणं ठरलेली आहेत. वय, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं, मानसिक क्षमता. 'आईवडिलांना मान्य नाही' ही हरकत होऊच शकत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर सगळं पहिल्यापासून.

धोका असेल तर लग्नाच्या आधीच पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, स्थानिक ठाण्यात नव्हे. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय सांगितली आहे. अर्जात 'आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने लग्न करत आहोत' हे लिहा आणि वयाचे पुरावे जोडा. नाहीतर मुलीच्या घरचे 'हरवली' किंवा 'पळवली' अशी तक्रार आधी देतात आणि पोलीस थेट मुलाच्या घरी.

काथ्याकूट_कारखाना

हा आयडी आणि 'सप्तपदीचे फोटो काढा' हा सल्ला, दोन्ही एकाच व्यक्तीकडून. धागा सार्थकी लागला.

हळदकुंकू_मुर्दाबाद

कोर्टात पुरावा म्हणून सत्यनारायणसुद्धा घालेन.

ग्रामदप्तर

ताईंच्या माहितीत भर. लग्न झाल्यावर जात पंचायतीने वाळीत टाकलं, दंड मागितला, तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा, २०१६ चा, अमलात जुलै २०१७ पासून. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अडचण पुराव्याची, कारण पंचायत लेखी निवाडा देत नाही. म्हणून लग्नकार्याची निमंत्रणं बंद होणं, किराणा न देणं, मयताला खांदा न देणं, अशी प्रत्येक घटना तारीख, वेळ आणि हजर माणसांसह लिहून ठेवावी. दंडाची रक्कम कोणाच्या हातात दिली हेही.

पालावरचा

गावकुसाबाहेरून यांचा धागा पुढे नेतो. भटक्या विमुक्तांचं बघा. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. आता जातीच्या दाखल्याला पुरावा लागतो २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. जो माणूस आज या गावात पाल ठोकतो नि उद्या त्या गावात, त्याच्या आजोबाचा १९६१ चा शाळेचा दाखला कुठून येणार? शाळेतच गेला नव्हता. सातबारा नाही. जन्मनोंद कुठल्या गावाला हे घरात कोणाला ठाऊक नाही.

मार्ग आहे, पण वेळ खातो. चुलत घराण्यात, म्हणजे बापाकडच्या रक्तनात्यात, कोणाकडे जातीचं वैधता प्रमाणपत्र असेल तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. म्हणून घरातल्या पहिल्याने जे काढलं ते पुढच्या वीस पोरांच्या कामी येतं. त्याच्या सत्यप्रती आणि वंशावळीचं शपथपत्र जपून ठेवा. कागद नसतील तर गृहचौकशीची लेखी मागणी करा. आणि आडनावं! एका भावाचं जातीवरून, दुसऱ्याचं गावावरून, तिसऱ्याचं गुरुजींनी सुचेल ते लिहिलेलं. जात पडताळणी समिती इथे अडवते. अकरावीतच फाइल घाला, प्रवेशाच्या जून महिन्यात नव्हे.

रानवारा

हे वाचून माझं मत थोडं हललं. ही तारीख ठरवणाऱ्याच्या मनात द्वेष होता असं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे घर असलेला माणूस होता.

गावकुसाबाहेरून

तेच तर म्हणतोय.

आवकजावक

इतका वेळ वाचत होतो. सगळ्यांनी रुतायच्या जागा दाखवल्या, पण त्या जागेवर बोट कसं ठेवायचं? माहिती अधिकाराचा अर्ज. आणि विद्यार्थ्यांचे अर्ज ठरावीक चुकांनी पडतात.

सगळ्यांत मोठी चूक 'का' विचारणं. 'बालविवाह का रोखले गेले नाहीत?' याला उत्तर येतं की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते बरोबर आहे. कायदा दप्तरात असलेला कागद देतो, मत देत नाही. 'अमुक नोंदवहीची प्रत द्या' असं लिहायचं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. नमुना जोडपत्र 'अ', वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, दाखल्याची प्रत जोडायची. पानाला २ रुपये.

मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, परत करायचा नसतो. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट. मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो, पण तो आयोगच करतो आणि तिथे रांग लांब आहे. सत्रात प्रकल्प संपवायचा असेल तर दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा जवळचा रस्ता. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात, तसा शासन निर्णय आहे. वहीसमोर बसा, हवी ती पानं टिपून घ्या आणि मग नेमक्या पानांची प्रत मागा. 'संकलित माहिती उपलब्ध नाही' हे उत्तरच मग येत नाही.

चौथं_सत्र

गावकुसाबाहेरून यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी मूळ लेखात म्हटलं की मानसिकता कागदाला चिकटलेली असते. ते अपुरं होतं. पालावरचा यांच्या प्रतिसादावरून दिसतं की कागद तयार होतो तेव्हाच ती त्यात शिरलेली असते: तारीख कोणती, पुरावा कोणता, प्रथा 'आहे' की 'नाही' हे लिहिणारा कोण. त्यामुळे ते वाक्य बंद ठेवायचा हट्ट सोडतो. पण एक अट घालतो. जो ते म्हणेल त्याने पुढे 'कोणाची आणि कुठल्या कागदावर' हेही लिहावं.

निबंधाचा विषय आता आटोपशीर केलाय. एकच जिल्हा, मागची तीन वर्षं, ग्रामदप्तर यांनी सांगितलेला मनाई हुकूम किती वेळा मागितला गेला. अर्ज कसा लिहू?

ग्रामदप्तर

जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या माहिती अधिकाऱ्याला. वर्षवार आणि तालुकावार चार आकडे माग: आलेल्या तक्रारी, हमीपत्रावर निकाली काढलेल्या, गुन्हा नोंदवलेल्या, कलम १३ खाली मनाई हुकुमासाठी न्यायालयात गेलेल्या. मुलींची नावं, गावं मागू नकोस. ते नाकारतीलच, आणि नाकारायलाच हवं.

पाचट

तारखाही माग. तक्रारी कोणत्या महिन्यात आल्या ते बघ. टोळ्या निघायच्या आधीचे दोन महिने आणि उन्हाळ्यात टोळ्या परतल्यानंतरचे दोन, वेगळे काढ.

चौथं_सत्र

हे सगळं १५० शब्दांत बसेल?

आवकजावक

बसेल. फक्त या धाग्याच्या पहिल्या वाक्यासारखी वाक्यं लिहू नकोस. ते एकटंच चाळीसच्या वर जातंय, मोजलंय.